एकवीसपैकी चार कुठे गेले: दूरशिक्षणातून एमबीए करणाऱ्या एकीचं प्रकरण

हे प्रकरण आमच्याच कंपनीतल्या एका मुलीचं आहे. ती गोदामात डिस्पॅच सुपरवायझर, मी अकाउंट्सला. मी हीच डिग्री दूरशिक्षणातून दोन वर्षं आधी पूर्ण केली होती म्हणून ती माझ्याकडे आली, आणि आली ती दोन पेपर गेल्यावर, आधी नाही. तिला विचारून लिहितेय, नाव घालायचं नाही एवढीच अट आहे. आणि जी संस्था आहे तिचंही नाव मी घालणार नाहीये, कारण असा अनुभव बऱ्याच ठिकाणी येतो.

आधी परिस्थिती सांगते. वय चौतीस, बीकॉम होऊन बारा वर्षं झालेली, घरी साडेतीन वर्षांचा मुलगा, शिफ्ट दर आठवड्याला बदलती, म्हणजे एक आठवडा सकाळ आणि एक आठवडा रात्र. कोर्स तीन वर्षांचा, सहा सेमिस्टर, दर सेमिस्टरला पाच विषय. प्रत्येक विषयाला १०० मार्क, त्यातले ३० असाइनमेंटचे आणि ७० लेखी परीक्षेचे, आणि पास व्हायला दोन्हीकडे वेगवेगळे ४० टक्के लागतात. ही 'वेगवेगळे' वाली अट नीट लक्षात ठेवा, पुढे ह्या अटीनेच घोळ केलाय.

पहिलं सेमिस्टर मस्त गेलं. व्यवस्थापनाची तत्त्वं, संघटनात्मक वर्तन, बिझनेस कम्युनिकेशन वगैरे. पाचच्या पाच पास. हे विषय वाचून होतात, आणि तिने वाचलेही होते. मॅस्लोचा माणसाच्या गरजांचा पिरॅमिड कोणाला नाही येत. त्यामुळे तिचा समज असा झाला की आपली पद्धत बरोबर आहे, हेच पुढेही चालेल.

दुसऱ्या सेमिस्टरला वित्तीय व्यवस्थापन आणि ऑपरेशन्स आले. रिझल्ट लागला तेव्हा वित्तात असाइनमेंटला ३० पैकी २१ आणि लेखीला ७० पैकी १९. ऑपरेशन्समध्ये २४ आणि २५. दोन्हीकडे लेखीला २८ हवे होते. गंमत म्हणजे ऑपरेशन्स हे तिचं रोजचं काम आहे हो, ही मुलगी दिवसाला शेकड्यांनी कन्साइनमेंट बाहेर काढते आणि त्याच विषयात तीन मार्कांनी राहिली. ती एवढी चिडली होती की पहिली दहा मिनिटं मला फक्त पेपर तपासणाऱ्याबद्दल ऐकावं लागलं.

मग म्हणाली, "ताई, सोडून द्यायचा विचार करतेय. पण तीन सेमिस्टरची फी भरून झालीये, म्हणून सोडवत पण नाही."

मला हसू आलं. कारण नेमक्या ह्याच चुकीमुळे तिचा वित्ताचा पेपर गेला होता हे मला थोड्या वेळाने कळणार होतं, पण वाक्य ऐकूनच वास आला होता.

आधी निर्णय: सोडायचं की नाही

जी फी भरली ती गेली. कोर्स सोडला तरी गेली आणि पूर्ण केला तरी गेलेलीच. ह्याला आमच्या पुस्तकात सन्क कॉस्ट म्हणतात, बुडालेला खर्च, आणि निर्णय घेताना तो हिशोबात धरायचा नसतो. माणूस मात्र धरतोच. १९८५ मध्ये आर्केस आणि ब्लूमर ह्या दोघांनी नाटकाच्या सीझन तिकिटांवर एक प्रयोग केला होता, काहींना तिकीट पूर्ण किमतीला विकलं आणि काहींना सवलतीत दिलं, तर पूर्ण पैसे भरलेले लोक सीझनच्या पहिल्या अर्ध्या भागात जास्त नाटकांना गेले. नाटक तेच, खुर्ची तीच, फरक फक्त खिशातून आधीच गेलेल्या पैशाचा.

म्हणून मी तिला सांगितलं की भरलेली फी खोड आणि फक्त पुढचं लिही. पुढे काय लागणार? राहिलेल्या सेमिस्टरची फी, दोन फेरपरीक्षांची फी, आणि साधारण दोन वर्षांचे आठवड्याचे ठरावीक तास. मिळणार काय? तर आमच्याकडे गोदाम व्यवस्थापकाच्या पदाला पदव्युत्तर डिग्री लागते असं लेखी आहे, ते पद दोन-तीन वर्षांत रिकामं होणार, आणि तिला ते हवंय. शिवाय नोकरी बदलायची तर उपयोग. तिने कागदावर मांडलं आणि चालू ठेवायचं ठरवलं. उत्तर तेच आलं जे आधी येणार होतं, पण कारण बदललं. आणि त्या कारणाचा पुढे उपयोग झाला, कारण रात्रपाळीनंतर पुस्तक उघडताना 'फी भरलीये' ह्या विचाराने फक्त अपराधी वाटतं, 'ते पद हवंय' ह्याने निदान पान उलटलं जातं.

वेळ कमी पडतो का

सगळे हेच म्हणतात, वेळ नाही. तर आधी किती लागतो ते बघितलं. युरोपातल्या क्रेडिट पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम धरतात, ह्यात वाचन, असाइनमेंट, परीक्षेची तयारी सगळं आलं. तिच्या कोर्सलाही हेच माप होतं आणि सेमिस्टरला १५ क्रेडिट. म्हणजे ३७५ ते ४५० तास. सेमिस्टर २४ आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला साधारण १६ ते १९ तास. ही नोंद माहितीपुस्तिकेत असते पण ती कोणी गुणाकार करून वाचत नाही, तिनेही नव्हती वाचली. तिच्या डोक्यात होतं रोज एक तास.

ह्यात तिचा एकटीचा दोष नाही. कानमन आणि ट्वर्स्की ह्यांनी १९७९ मध्येच ह्या सवयीला नाव दिलंय, आपण स्वतःच्या कामाला लागणारा वेळ नेहमी कमी धरतो. १९९४ मध्ये ब्युलर, ग्रिफिन आणि रॉस ह्यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना अंदाज विचारले होते. सरासरी अंदाज आला ३३.९ दिवसांचा आणि प्रत्यक्षात लागले सरासरी ५५.५ दिवस. आणि ते तर पूर्ण वेळ विद्यार्थी, त्यांच्यामागे रात्रपाळी नव्हती.

मी तिला दोन आठवडे फक्त नोंद ठेवायला सांगितली, सुधारायला नाही. कधी बसलीस, किती वेळ, आणि नक्की काय केलंस. गोदामातली असल्याने रजिस्टर भरायची सवय, तिने ते चोख भरलं. आठवड्याला साडेअकरा तास. मला खरंच कमी वाटले नाहीत, मुलगा आणि शिफ्ट सांभाळून साडेअकरा तास म्हणजे चांगलेच आहेत. पण त्यातले आठ तास वाचन आणि पिवळा हायलायटर, अडीच तासांच्या वर असाइनमेंट उतरवणं, आणि स्वतः गणित सोडवणं पन्नास मिनिटं. आठवड्याला पन्नास मिनिटं! आणि पेपर गणिताचा.

इथे मला कळलं की हे फक्त वेळेचं प्रकरण नाहीये.

पुन्हा पुन्हा वाचलं की ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं वाटलं की येतंय असं वाटतं. रोडिगर आणि कार्पिकी ह्यांचा २००६ चा प्रयोग ह्यावरच आहे. एका गटाने उतारा चारदा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर वाचणाऱ्यांना जवळपास ४० टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना ६१. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, हे तिला वेगळं सांगावं लागलं नाही.

२१ मार्कांची भानगड

आता मुख्य गोष्ट. वित्ताच्या असाइनमेंटला २१ मिळाले होते, म्हणजे ७० टक्के, मग लेखीला १९ कसे?

विचारल्यावर जरा घुटमळत सांगितलं तिने. असाइनमेंटमध्ये तीन प्रश्न होते, दहा-दहा मार्कांचे. दोन थिअरीचे, त्यांची उत्तरं एका ग्रुपवर फिरत असलेल्या तयार पीडीएफवरून उतरवलेली. तिसरं गणित, ते मात्र तिने प्रामाणिकपणे स्वतः सोडवलं. सबमिट केलं तेराव्या आठवड्यात. मार्क पोर्टलवर दिसले बाविसाव्या आठवड्यात, म्हणजे नऊ आठवड्यांनी, आणि दिसलं काय तर फक्त '२१/३०'. कुठल्या प्रश्नाला किती ते नाही, शेरा नाही, काही नाही. परीक्षा तेविसाव्या आठवड्यात. तिने २१ बघितले आणि निवांत झाली.

मी तिला तेच गणित माझ्यासमोर परत सोडवायला लावलं. गणित साधारण असं होतं, चलन कुठलंही धरा: यंत्राची किंमत १०,००,०००, आयुष्य पाच वर्षं, शेवटी भंगार मूल्य शून्य, दर वर्षी रोख बचत ३,००,०००, कर ३० टक्के, घसारा सरळ रेषेने, डिस्काउंट रेट (पुढच्या वर्षांचे पैसे आजच्या किमतीत आणायचा दर) १० टक्के, आणि यंत्र घ्यावं का हे बघायला सल्लागाराकडून सर्व्हे आधीच करून घेतलाय त्याला ४०,००० खर्च आलाय. एनपीव्ही काढा, म्हणजे पुढे येणाऱ्या रोखीची आजची किंमत वजा यंत्राची किंमत, आणि यंत्र घ्यावं की नाही सांगा.

तिने केलं असं. बचत ३,००,००० वजा घसारा २,००,००० बरोबर १,००,०००. त्यावर कर ३०,०००. उरले ७०,०००. इथपर्यंत बरोबर आहे. मग हे ७०,००० तिने सरळ ३.७९०८ ने गुणले, पाच वर्षं १० टक्क्यांचा अॅन्युइटी फॅक्टर, म्हणजे दर वर्षी येणाऱ्या सारख्या रकमेची आजची किंमत काढायचा गुणक, तर आले २,६५,३५६, त्यातून दहा लाख वजा केले, वर सर्व्हेचे चाळीस हजारही वजा केले आणि लिहिलं की प्रकल्प नाकारावा. एकदम आत्मविश्वासाने, खाली दुहेरी रेघ.

चुका दोन. घसारा हा कागदावरचा खर्च, त्याने कर वाचतो म्हणून तो आधी वजा करायचा, पण पैसे काही खिशातून गेलेले नसतात म्हणून कर काढून झाल्यावर तो परत मिळवायचा. म्हणजे वर्षाची रोख ७०,००० अधिक २,००,०००, बरोबर २,७०,०००. गुणिले ३.७९०८, झाले १०,२३,५१६. वजा दहा लाख, एनपीव्ही अधिक २३,५१६. यंत्र घ्यावं.

आणि दुसरी चूक चाळीस हजारांची. यंत्र घ्या नाहीतर नका घेऊ, सर्व्हेचे पैसे गेलेत. ते धरले तर २३,५१६ चे वजा १६,४८४ होतात (त्यावरचा कर सोडून देऊ) आणि निर्णयच उलटा होतो. म्हणजे पहिली चूक दुरुस्त केली असती तरी दुसरीमुळे उत्तर चुकलंच असतं. आणि ही तीच मुलगी जी मला 'फी भरलीये म्हणून सोडवत नाही' म्हणाली होती. मी तिला ते वाक्य आठवून दिलं तर दोन सेकंद गप्प, मग डोक्याला हात.

लेखी परीक्षेत एनपीव्हीचं असंच एक गणित होतं, वीस मार्कांचं, आणि तिने दोन्ही चुका तशाच्या तशा केल्या होत्या. का नाही करणार? कोणी सांगितलंच नव्हतं की चूक आहे. उलट तिला २१ मार्क देऊन 'बरोबर चाललंय' असं सांगितलं गेलं होतं. कुठल्या प्रश्नाला किती ते बघायला तिने तपासलेली प्रत मागवायचा मेल टाकला, त्याचं उत्तर पुष्कळ दिवस आलं नाही.

माझं ह्या प्रकरणावरचं मत इथेच सांगून टाकते. दूरशिक्षणातलं 'दूर' मोजायचं असेल तर चूक केल्यापासून ती चूक कळेपर्यंत किती दिवस जातात ते मोजा. वर्गात बसणाऱ्याला फळ्यावर गणित सोडवताना अर्ध्या मिनिटात कळतं, मागून कोणीतरी 'अरे घसारा' असं ओरडतं. हिला नऊ आठवडे लागले आणि तरी कळलं नाही. १८४० च्या सुमाराला आयझॅक पिटमन इंग्लंडात टपालाने लघुलिपी शिकवायचा, तेव्हा पेनी पोस्ट, म्हणजे एका पेनीत देशभर पत्र, नुकतंच सुरू झालेलं, तर त्यातला खरा भाग हा होता की विद्यार्थ्याने लिहून पाठवलेलं दुरुस्त होऊन परत यायचं. नुसतं पुस्तक पाठवायला शिक्षक कशाला पाहिजे. ब्रिटनचं ओपन युनिव्हर्सिटी १९६९ मध्ये स्थापन झालं, १९७१ पासून विद्यार्थी घेतले, आणि त्यांनीही ट्युटरने तपासलेल्या असाइनमेंट हा कणा ठेवला. मायकेल मूर म्हणून अभ्यासक आहेत, त्यांनी 'ट्रान्झॅक्शनल डिस्टन्स' अशी कल्पना मांडली, त्यांच्या मते हे अंतर भूगोलाचं नसून शिकवणारा आणि शिकणारा ह्यांच्यातल्या संवादाचं असतं, संवाद कमी तर अंतर जास्त. आणि ओट्टो पीटर्स ह्यांनी दूरशिक्षणाची तुलना थेट कारखान्याच्या उत्पादनाशी केली आहे, साहित्य एकदा बनवायचं, हजारोंना पाठवायचं, कामं वाटून घ्यायची. हे मी हिला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे आपला माल डिस्पॅच होतो, रिटर्नची सोय नाही." बरोबर बोलली.

लोक ॲडमिशन घेताना विचारतात डिग्री चालते का, मान्यता आहे का. विचारायलाच पाहिजे. आपल्या देशातल्या नियामक संस्थेची मान्यता बघा, आणि व्यवस्थापनासाठी वेगळ्या आंतरराष्ट्रीय मान्यताही असतात, एएसीएसबी ही १९१६ पासूनची संस्था, एएमबीए १९६७ ची, इक्विस १९९७ पासून. पण असाइनमेंट किती दिवसांत तपासून मिळते आणि शेरे असतात का, हा प्रश्न मी अजून कोणाला विचारताना ऐकलेलं नाही. मीही नव्हता विचारला.

मग काय केलं

संस्था बदलणं हातात नव्हतं, म्हणून आम्ही मधला वेळ कमी करायचं बघितलं. तिच्या बरोबरच्या बॅचमधल्या तिघांना घेऊन चार जणांचा ग्रुप केला. नियम असा की रविवारी रात्रीपर्यंत प्रत्येकाने एक गणित किंवा एक केस हाताने सोडवून फोटो टाकायचा आणि मंगळवार रात्रीपर्यंत दुसऱ्या कोणीतरी ते तपासून चूक कुठे आहे ते सांगायचं. ४८ तास.

पहिला महिना हा ग्रुप नुसता वाया गेला. एक जण दर रविवारी एकदम देखणी उत्तरं टाकायचा, त्यात खाडाखोड नाही काही नाही, नंतर कळलं उत्तरपत्रिकेतून उतरवतोय. दुसरी 'छान', 'बरोबर' एवढंच लिहायची. मी मध्ये पडून सांगितलं की चुकलेलं उत्तर टाकणाऱ्याचाच उपयोग आहे, बरोबर असेल तर टाकूच नका. तो देखणी उत्तरंवाला निघून गेला. तपासताना 'बरोबर' हा शब्द बंद केला, त्याऐवजी 'ही पायरी का घेतलीस' असा एक तरी प्रश्न विचारायचा. दुसऱ्याची चूक शोधताना आपली सापडते हा फायदा आम्ही ठरवलेला नव्हता, तो आपोआप मिळाला. एकाने कर्जाचं व्याज कॅश फ्लोमधून वजा केलं होतं तर हिने पकडलं, म्हणाली डिस्काउंट रेटमध्ये भांडवलाचा खर्च आलाय ना आधीच, दोनदा का कापतोस.

दुसरा बदल तिने स्वतः काढला आणि तो मला सुचला नसता. ती पाचही विषयांची पाच युनिट एकदम उघडून बसायची, आज इथलं चार पानं, उद्या तिथलं. एक दिवस म्हणाली की ताई, हे तर डॉकवर अर्धवट भरलेल्या गाड्या उभ्या केल्यासारखं झालंय. ऑपरेशन्समध्ये लिटल्स लॉ आहे, जॉन लिटल ह्यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला: आत अडकलेला माल म्हणजे बाहेर पडण्याचा वेग गुणिले आत राहण्याचा काळ. तिचा वेग आठवड्याला एक युनिट. पाच उघडी असली की प्रत्येक युनिट सुरू केल्यापासून संपेपर्यंत पाच आठवडे, तोवर पहिली पानं विसरलेली. दोनच उघडी ठेवली तर दोन आठवडे. वेग तोच, पण डोक्यात ताजं असताना संपतं. जो फॉर्म्युला परीक्षेत लिहिता आला नव्हता तो तिने स्वतःच्या टेबलाला लावला, तेव्हा मला वाटलं आता ही पास होणार.

तिसरं, तिसऱ्या सेमिस्टरला पाचाऐवजी तीनच विषय घेतले आणि दोन फेरपरीक्षा. कोर्स पूर्ण करायची कमाल मुदत पाच वर्षं आहे त्यामुळे चाललं, डिग्री पुढे गेली पण आठवड्याचे तास माणसात आले. तिला हे आवडलं नव्हतं, बरोबरचे पुढे जातील म्हणून. जाऊ देत की.

तास साडेअकरावरून तेरा झाले, त्यापेक्षा नाही वाढले. त्यातले सहा सोडवण्याचे. रात्रपाळीच्या आठवड्यात घरी आल्यावर वाचायचा हट्ट सोडला, काही डोक्यात जात नाही, त्याऐवजी शिफ्टला निघायच्या आधी अर्धा तास फक्त एक गणित.

खोक्यांचा किस्सा

हा भाग मला सगळ्यात आवडतो. ऑपरेशन्समध्ये ती का राहिली, तर तिने उत्तरात 'आमच्याकडे असं करतात' एवढंच लिहिलं होतं. अनुभव होता, सूत्र नव्हतं, आणि परीक्षकाला तुमचं गोदाम दिसत नसतं.

मी म्हटलं तुमच्याकडची एक वस्तू घे आणि इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटी काढ, म्हणजे एका वेळी किती मागवलं की मागवायचा आणि ठेवायचा मिळून खर्च सगळ्यात कमी येतो ते. हे सूत्र फोर्ड हॅरिस ह्यांनी १९१३ मध्ये दिलेलं. तिने पॅकिंगची खोकी घेतली. आकडे मी सोपे करून देते: वर्षाला २०,००० खोकी, एका ऑर्डरमागे खर्च ५००, एक खोकं वर्षभर ठेवायचा खर्च ५. सूत्रात घातलं, दोन गुणिले २०,००० गुणिले ५००, भागिले ५, त्याचं वर्गमूळ, बरोबर २,०००. म्हणजे एका वेळी दोन हजार मागवावीत. आणि साहेब मागवतात पाच हजार! खर्च मांडला तर दोन हजारांनी वर्षाचा खर्च १०,००० येतो, पाच हजारांनी १४,५००. साडेचार हजारांचा तोटा. ती एवढी खूश की दुसऱ्या दिवशी कागद घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये.

साहेबांनी कागद बघितला, हसले आणि विचारलं, "पाच हजार घेतले की नगामागे ०.३० सूट मिळते, ती कुठे धरलीस?" २०,००० गुणिले ०.३० म्हणजे ६,०००. साडेचार हजार जास्त खर्च करून सहा हजार वाचतात. पाच हजारच बरोबर. साहेब कुठल्याही डिग्रीशिवाय वीस वर्षं बरोबर मागवत होते, फक्त का बरोबर ते त्यांनी कधी लिहिलं नव्हतं.

ती पडेल चेहऱ्याने माझ्याकडे आली आणि मी तिला म्हटलं अगं वेडे, हीच तुझी असाइनमेंट. तिने ती तशीच लिहिली, आधी सूत्र, मग साहेबांचा प्रश्न, मग सवलतीसकट हिशोब, आणि शेवटी सवलत कितीच्या खाली गेली तर पाच हजार परवडणार नाहीत तेही काढलं, ०.२२५. त्या असाइनमेंटला ३० पैकी २७ मिळाले, आणि ह्या वेळी तिथे तयार पीडीएफ नव्हती.

केस स्टडीच्या उत्तरांचंही असंच झालं, ते थोडक्यात सांगते. हार्वर्ड बिझनेस स्कूल १९०८ चं, तिथे १९२१ मध्ये एका बूट कंपनीवरची पहिली केस लिहिली गेली, आणि तेव्हापासून केसचा उद्देश एकच आहे, त्या खुर्चीत तुम्ही असता तर काय ठरवलं असतं. ही मात्र चार चौकटी काढून स्वॉट, म्हणजे कंपनीची बलस्थानं, कमजोऱ्या, संधी आणि धोके, भरायची आणि थांबायची. चौकटी भरलेल्या, निर्णय कुठेच नाही. ग्रुपमधल्या एकीने तपासताना लिहिलं, 'मग करायचं काय?' त्यानंतर तिने सवय लावली की उत्तराची पहिली दोन वाक्यं निर्णयाची, मग कारणं, आणि आपण चुकीचे ठरलो तर ते कशावरून कळेल ही एक ओळ.

आत्ता कुठे आहे

फेरपरीक्षेत वित्तात ७० पैकी ४३, ऑपरेशन्समध्ये ५१. तिसऱ्या सेमिस्टरचे तिन्ही विषय सुटले. चौथ्यात बिझनेस लॉ परत काठावर आलाय, २९, कारण तिथे सोडवायला गणित नसतं आणि ती पुन्हा हायलायटरवर गेली होती. म्हणजे सवय काही पूर्ण गेलेली नाही. ग्रुप तीन जणांचा राहिलाय. ते गोदाम व्यवस्थापकाचं पद अजून रिकामं झालेलं नाही. आणि तयार पीडीएफवाला ग्रुप जोरात चालू आहे, सदस्य वाढलेत.

परवा मला तिचा मेसेज आला, सोबत एक स्क्रीनशॉट. दुसऱ्या सेमिस्टरच्या वित्ताच्या असाइनमेंटची तपासलेली प्रत शेवटी तिच्या मेलवर आली होती, मागितल्यापासून जवळपास वर्षाने. पहिल्या प्रश्नाला ९, दुसऱ्याला ८, गणिताला ४. आणि सर्व्हेच्या चाळीस हजारांभोवती लाल गोल करून बाजूला नीट, सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं: 'हा खर्च आधीच झालेला आहे ना? मग इथे का धरला?' खाली घसाऱ्यापाशी बाण. म्हणजे कोणीतरी ते पान मन लावून तपासलं होतं, अगदी जसं तपासायला हवं तसं.

स्क्रीनशॉटखाली तिने लिहिलं होतं, "ताई, माल पोचला."